नव्या चावड्यांचे गुणदोष

मनुष्याला अन्न, वस्त्र आणि निवारा यांची जशी गरज असते, तशीच दुसऱ्या मनुष्याशी बोलण्याचीही असते. म्हणूनच गाव वसले की घरांबरोबर बोलण्याच्या जागाही तयार होतात. महाराष्ट्रातील खेड्यांत अशा अनेक जागा असत. चावडीवर गावकीची कामे चालत. पारावर वृद्धांच्या गप्पा रंगत. पाणवठ्यावर घरोघरीची सुखदुःखे सांगितली जात, आणि आठवड्याच्या बाजारात परगावच्या बातम्या कळत. प्रत्येक जागेची रीत निराळी होती. पारावर जे बोलावयाचे ते चावडीवर बोलून चालत नसे. आणि माजघरातली गोष्ट बाजारात गेली, तर ती नेणाऱ्याची घरी चांगलीच खरडपट्टी निघे. कोठे काय बोलावे हे मुलांना कोणी पुस्तकातून शिकवीत नसे. मोठ्यांचे बोट धरून त्या जागी जाता-येता ती ते शिकत.

आज बोलण्याच्या जागा बदलल्या आहेत. तळहाताएवढ्या काचेवर बोट फिरविले की माणसांची दाटी समोर उभी राहते. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब, व्हॉट्सॲप ही नावे खेड्यापाड्यांतील लहान मुलांच्याही तोंडी बसली आहेत. या सर्वांना मिळून समाजमाध्यमे असे म्हणतात. काही लोक त्यांची स्तुती करताना थकत नाहीत. काही लोक त्यांना सर्व अनर्थांचे मूळ ठरवितात. या दोन्ही पक्षांची एक चूक मात्र सारखीच आहे. ते सर्व माध्यमांना एकाच मापाने मोजतात. वास्तविक चावडी आणि पाणवठा यांत जेवढे अंतर, तेवढेच या माध्यमांमध्येही आहे. तेव्हा प्रत्येकाचे गुण कोणते आणि दोष कोणते, हे नीट पारखून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

तुलनेला आरंभ करण्यापूर्वी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जुन्या चावडीचे गोडवे गाणारे पुष्कळदा हे विसरतात की, ती सर्वांना सारखी खुली नव्हती. स्त्रियांचा आवाज तेथे क्वचितच उमटे. कित्येकांना दूर उभे राहूनच बोलावे लागे. सार्वजनिक पाण्यावरही जातीच्या नावाने मज्जाव असे. म्हणूनच १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. नव्या चावडीत शिरताना मात्र कोणाची परवानगी काढावी लागत नाही. ज्याचे म्हणणे गावात कोणी ऐकून घेत नव्हते, त्यालाही येथे आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडता येते. दार खुले असले म्हणजे आतील सर्व माणसे सभ्यच असतात, असे नव्हे. जातीवरून, रूपावरून किंवा बोलीवरून दुसऱ्याला हिणवणारे तेथेही भेटतात. तरीपण दार उघडले, ही लहान गोष्ट नाही.

या माध्यमांचा इतिहास फार जुना नाही. १९९७ साली अमेरिकेत ‘सिक्स डिग्रीज’ नावाचे असे एक संकेतस्थळ निघाले. ते थोड्याच वर्षांत बंद पडले. २००४ च्या जानेवारीत गूगल कंपनीने ‘ऑर्कुट’ सुरू केले. भारत आणि ब्राझील या दोन देशांत ते अत्यंत लोकप्रिय झाले. आजच्या मुलांच्या आईवडिलांपैकी अनेकांनी आपल्या दूरच्या मित्रांशी पहिल्यांदा तेथेच गाठभेट घेतली असेल. परंतु २०१४ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस ऑर्कुटला कायमचे कुलूप लागले. भारतात २०२० साली निघालेले ‘कू’ हे संकेतस्थळ २०२४ साली बंद झाले. ‘मायस्पेस’ या एके काळच्या प्रसिद्ध संकेतस्थळाने २०१९ साली अशी कबुली दिली की, लोकांनी तेथे अनेक वर्षे साठविलेली गाणी आणि छायाचित्रे आपल्या हातून नष्ट झाली आहेत. यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. ही माध्यमे कितीही आपलीशी वाटली, तरी ती भाड्याची जागा आहे. तेथे ठेवलेला आठवणींचा ठेवा घरच्या पेटीतही असावा, हे बरे.

आता प्रश्न असा की, या माध्यमांची पारख कोणत्या कसोटीवर करावी? सोनाराजवळ कसोटीचा दगड असतो. येथे चार साधे प्रश्न त्या दगडाचे काम करतील. येथे बोललेले कोणाकोणाच्या कानी पडते, हा पहिला. ऐकलेले खरे की खोटे हे पडताळून पाहण्यास येथे सवड मिळते काय, हा दुसरा. येथे थांबण्याची काही जागा आहे काय, हा तिसरा. आणि हा सर्व कारभार कोणाच्या पैशावर चालतो, हा चौथा.

प्रथम फेसबुक पाहू जाता त्याचे रूप जत्रेसारखे दिसते. २००४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क झुकरबर्ग या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह ते सुरू केले, तेव्हा ते केवळ त्या विद्यापीठापुरते होते. २००६ च्या सप्टेंबरात तेरा वर्षांवरील सर्वांना ते खुले झाले. ओळखीच्या माणसांना ओळखीच्या माणसांशी जोडणे हा त्याचा मुख्य गुण. शाळा सोडल्यानंतर चाळीस वर्षे एकमेकांना न भेटलेले वर्गमित्र येथे भेटतात. परदेशी स्थायिक झालेल्या मुलीच्या घरचा गणपती साताऱ्याच्या आजीला येथे पाहता येतो. संकटकाळीही हे माध्यम उपयोगी पडले आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चेन्नईत महापूर आला. दोन्ही वेळी तेथील लोकांना आपण सुखरूप असल्याची खूण फेसबुकवर करता येत होती. दूर बसलेल्या आप्तांचा जीव भांड्यात पडण्यास ती एक खूण पुरेशी असे.

पण जत्रेचा गुण तोच तिचा दोषही असतो. जत्रेत मामा, शिक्षक, शेजारी, दुकानदार आणि अनोळखी पाहुणे एकाच रस्त्यावर असतात. घरातल्या माणसाला सांगावयाची गोष्ट तेथे मोठ्याने बोलली, तर ती सर्वांच्या कानी जाते. शिवाय या जत्रेत कोणती पाल पुढे लावावयाची आणि कोणती मागे, हे जत्रेचा मालक ठरवितो. जे पाहून लोक थबकतात ते वर येते. जे साधे आणि शांत असते ते खाली जाते. लोकांची माहिती सांभाळण्याच्या बाबतीतही या कंपनीचे वर्तन निर्दोष राहिले नाही. सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती ‘केंब्रिज ॲनालिटिका’ या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती गैरमार्गाने गेली असावी, असे २०१८ साली फेसबुकने स्वतःच जाहीर केले. त्यांतील बहुतेकांनी तशी परवानगी दिली नव्हती. त्यांच्या मित्रांपैकी कोणीतरी एक प्रश्नावली भरली होती, आणि त्या वाटेने मित्रांचीही माहिती बाहेर पडली. मित्राच्या हलगर्जीपणाची किंमत आपल्याला मोजावी लागते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एक्स हा चव्हाटा आहे. २००६ साली हे माध्यम ट्विटर या नावाने सुरू झाले. २०२२ साली ते इलॉन मस्क यांनी विकत घेतले आणि २०२३ साली त्याला एक्स हे नाव दिले. आरंभी येथे १४० अक्षरांहून अधिक लिहिता येत नसे. मोबाइलवरील साधा संदेश १६० अक्षरांचा असे; त्यांतील काही अक्षरे लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून उरलेली मजकुराला दिलेली होती. २०१७ साली ही मर्यादा २८० झाली. थोडक्यात आणि चारचौघांत बोलणे हे या माध्यमाचे बळ आहे. चार मार्ग मिळतात त्या चव्हाट्यावर उभे राहून हाक मारली, तर ती राजाच्याही कानी जाण्याचा संभव असतो. रेल्वेच्या डब्यातून एखाद्या प्रवाशाने येथे अडचण कळवावी आणि पुढच्या स्थानकावर त्याला औषध किंवा मदत मिळावी, असे प्रसंग आपल्या देशात अनेकदा घडले आहेत. येथील बोलणे उघड्यावर होत असल्यामुळे कोणी खोटे बोलला, तर त्याला तेथल्या तेथे खोडूनही काढता येते.

तथापि चव्हाट्यावर आवाज चढविल्याशिवाय कोणी ऐकत नाही. थोड्या शब्दांत मत मांडता येते, पण त्या मतामागील कारणे मांडण्यास जागा उरत नाही. मग युक्तिवादाची जागा टोमणे घेतात. अमेरिकेतील एमआयटी या प्रसिद्ध संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. खरी बातमी पुढे पाठविली जाण्याचा जेवढा संभव असतो, त्यापेक्षा खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याचा संभव ७० टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यांना आढळले. हे काम यंत्रे करीत असतील असे कोणास वाटेल. परंतु मुख्य दोष माणसांचाच निघाला. खोट्या बातमीत नवलाई असते, आणि नवल वाटले की माणसाला दम धरवत नाही.

इन्स्टाग्राम हे २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झाले आणि २०१२ साली फेसबुकने ते विकत घेतले. ही चित्रांची गॅलरी आहे. येथे शब्दांपेक्षा छायाचित्रांना आणि लहान चलच्चित्रांना मान आहे. डोळ्यांना जे सांगता येते ते येथे उत्तम प्रकारे सांगता येते. वारली चित्रकाराला आपले चित्र, येवल्याच्या विणकराला आपली पैठणी आणि डोंगरवाटा तुडविणाऱ्याला पावसाळ्यातला राजगड येथे जगाला दाखविता येतो. मध्ये दलाल असावा लागत नाही, हा कारागिराच्या दृष्टीने फार मोठा लाभ होय.

परंतु गॅलरीत लोक आपले उत्तम तेवढेच टांगतात. दहा छायाचित्रे काढून त्यांतील नऊ टाकून द्यावीत, दहाव्याचा रंग उजळावा आणि मग ते लोकांपुढे ठेवावे, अशी येथील रीत आहे. पाहणाऱ्याला ती टाकलेली नऊ छायाचित्रे दिसत नाहीत. तो आपल्या रोजच्या साध्या जीवनाची तुलना दुसऱ्याच्या निवडक क्षणाशी करतो आणि खिन्न होतो. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या या कंपनीतील माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. काही किशोरवयीन मुलींना इन्स्टाग्राम पाहून स्वतःच्या शरीराविषयी अधिकच वाईट वाटते, असे कंपनीच्याच पाहणीत नोंदलेले होते. या कागदपत्रांचा अर्थ एकांगी लावला जात आहे, असे कंपनीचे म्हणणे पडले. ते म्हणणे विचारात घेतले, तरी कोवळ्या वयाच्या मुलींचे ते दुःख खोटे ठरत नाही. ज्या आरशात स्वतःपेक्षा दुसऱ्याचेच रूप सदैव दिसते, तो आरसा किती वेळ पाहावा, हे प्रत्येकाने ठरविले पाहिजे.

यूट्यूबची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे मित्रमंडळ जमविण्यापेक्षा पाहण्या-ऐकण्याकडे अधिक लक्ष असते. २००५ साली निघालेले हे माध्यम पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतले. विद्यार्थ्यांच्या उपयोगाच्या दृष्टीने पाहिले, तर पाचांमध्ये याचा क्रम पहिला लावावा लागेल. अमेरिकेतील सलमान खान नावाचे एक तरुण गृहस्थ दूर गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातील बहिणीला गणित शिकवीत. हे गृहस्थ म्हणजे चित्रपटांतील नट नव्हेत! इतर भावंडेही शिकवणीसाठी मागे लागली, तेव्हा त्यांनी २००६ पासून आपले धडे यूट्यूबवर ठेवण्यास आरंभ केला. त्यातूनच २००८ साली ‘खान अकॅडमी’ ही संस्था उभी राहिली, आणि जगभरची मुले तिच्या धड्यांवरून गणित शिकू लागली. एखादा भाग समजला नाही तर तोच भाग दहा वेळा पाहता येतो, आणि शिकविणारा एकदाही रागावत नाही, ही या माध्यमाची थोरवी आहे.

मात्र यूट्यूबवर शिक्षक आणि बहुरूपी शेजारी शेजारी बसलेले असतात. अपूर्णांकांचा धडा संपतो न संपतो तोच दुसरे काहीतरी आपोआप सुरू होते, आणि ते अपूर्णांकांविषयीच असेल याची शाश्वती नसते. अभ्यासाला म्हणून बसलेला मुलगा तासाभराने क्रिकेटचे झेल पाहत असतो, आणि आपण येथे कसे येऊन पोहोचलो हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

राहता राहिले व्हॉट्सॲप. २००९ साली निघालेले हे माध्यम २०१४ साली फेसबुक कंपनीकडे गेले. हे घराचे माजघर आहे. येथे ओळखीचीच माणसे भेटतात, आणि २०१६ पासून येथील संदेश पाठविणारा आणि घेणारा यांच्यावाचून तिसऱ्या कोणालाही, खुद्द कंपनीलाही, वाचता येत नाहीत. मनुष्याला खाजगीपणा हवा असतो आणि तो त्याचा हक्कही आहे. त्या दृष्टीने पहिल्या प्रश्नाला व्हॉट्सॲपने दिलेले उत्तर इतर सर्वांपेक्षा सरस आहे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक गुरुजींनी आणि बाईंनी याच माध्यमातून घरोघरी अभ्यास पोहोचविला. ज्या घरी असा मोबाइलच नव्हता, तेथील मुले मात्र त्या काळात मागे पडली, हेही विसरता कामा नये.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र हे माजघर अडखळते. बाजारात कोणी खोटी आवई उठविली, तर ती खोडून काढणारा तेथेच कोणीतरी भेटतो. माजघराचे दार बंद असल्यामुळे आत काय चालले आहे, हे बाहेरच्या शहाण्या माणसाला कळतच नाही. त्यातून संदेश पाठविणारा ओळखीचा, बहुधा नात्यातला असतो; म्हणून ऐकणारा तपास न करताच विश्वास ठेवतो. याचा अत्यंत दारुण परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. २०१८ साली मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून देशभर पसरली होती. त्या वर्षीच्या १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, पाच परके पुरुष आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील होते. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील ते भिक्षेकरी. गावोगाव फिरावे आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, हा त्यांचा परंपरागत जीवनक्रम. जमावाने त्यांना मुले पळविणारे समजून मारहाण केली, आणि त्या मारहाणीत पाचही जणांचे प्राण गेले. ज्यांनी तो संदेश पुढे धाडला, त्यांपैकी बहुतेकांना आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत असे वाटत असेल. हेतू चांगला असूनही अविचाराने केवढा अनर्थ घडतो, याचे याहून दुःखद उदाहरण शोधावे लागणार नाही.

या घटनेनंतर जे घडले, ते मात्र विशेष विचार करण्याजोगे आहे. त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरता असा नियम केला की, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये. पुढे तोच नियम जगभर लागू झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये, अनेक हातांतून फिरत आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन घातले गेले. आणि त्यामुळे असे संदेश पसरण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले. माणसे तीच होती. त्यांचे स्वभाव एका महिन्यात पालटले नव्हते. वाटेत फक्त एक लहानसा उंबरठा घातला गेला होता. यावरून सिद्ध होते की, माध्यमाची घडण कशी आहे यावर माणसाचे वागणे पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून घडलेल्या प्रत्येक चुकीचा दोष केवळ वापरणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. घर बांधणाऱ्याने जिन्याला कठडाच ठेवला नाही, तर पडणाऱ्या मुलाला ‘तू जपून का चालला नाहीस?’ एवढेच विचारून भागत नाही.

उरलेल्या दोन प्रश्नांचा विचार येथेच एकत्र करणे सोयीचे आहे. कारण त्यांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. नाटकाचा पडदा पडतो. जत्राही सायंकाळी उठते. या माध्यमांवर मात्र बोट सरकवीत राहावे तो तो नवीन काही खालून वर येतच राहते. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती २००६ साली अमेरिकेतील एझा रास्किन यांनी योजिली. तिच्यामुळे लोकांचा किती वेळ वाया जातो हे पाहून पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. कंपन्यांना ही युक्ती का आवडावी? कारण या जागेत शिरताना प्रेक्षकाला तिकीट पडत नाही. येथे पैसे येतात ते मुख्यतः जाहिरात देणाऱ्यांकडून, आणि माणूस जितका अधिक वेळ खिळून राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. जाहिरातीवर पैसे मिळविणे हे काही पाप नव्हे; वर्तमानपत्रेही त्यांवर चालतात. परंतु फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत आपण आपल्या वेळेने आणि आपल्या माहितीने चुकती करीत आहोत, हे माहीत असलेले बरे.

या सर्व दोषांकडे पाहून कोणी म्हणेल की, मुलांना या माध्यमांच्या जवळपासही फिरकू देऊ नये. ऑस्ट्रेलियाने साधारण हाच मार्ग पत्करला आहे. तेथील संसदेने २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा केला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास तेथे बंदी झाली. भारताने २०२३ साली केलेल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे म्हटले आहे. खुद्द फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या नियमांप्रमाणेही तेरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून खाते उघडता येत नाही. अनेक मुले खोटे जन्मवर्ष लिहून आत शिरतात. ज्या जागेत पहिले पाऊलच असत्याने पडते, त्या जागेत पुढे सत्याची अपेक्षा कोणाकडून करावी?

याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो की, पोहणे पाण्यात उतरल्यावरच येते. मुलांना मोकळे सोडावे, ती आपोआप शिकतील. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला आधी सुकडीचा किंवा भोपळ्याचा आधार बांधतात, आणि काठावर पोहणारा मोठा माणूस उभा असतो. पहिल्याच दिवशी कोणी त्याला भरल्या नदीत लोटून देत नाही. केवळ बंदीने पोहणे येणार नाही, आणि केवळ मोकळीक दिल्याने जीव वाचणार नाही. तेरा वर्षांपर्यंत स्वतःचे खाते नसावे. जे पाहावयाचे ते घरच्यांच्या शेजारी बसून पाहावे. पुढे एकेक माध्यम गरजेप्रमाणे, त्याचे गुणदोष ओळखून, हाती घ्यावे. हाच मध्यम मार्ग योग्य ठरेल. त्याचबरोबर माध्यमांच्या मालकांनीही आपल्या जिन्यांना कठडे बसविले पाहिजेत, आणि ते त्यांनी आपण होऊन बसविले नाहीत तर शासनाने बसवून घेतले पाहिजेत.

मग या पाचांत श्रेष्ठ कोण? शिकण्यासाठी यूट्यूब, घरच्यांशी बोलण्यासाठी व्हॉट्सॲप, दूरच्या ओळखी जपण्यासाठी फेसबुक, कला दाखविण्यासाठी इन्स्टाग्राम आणि सार्वजनिक गाऱ्हाण्यासाठी एक्स, असे ज्याचे त्याचे स्थान आहे. विळ्याने भाजी चिरावी आणि कुऱ्हाडीने लाकूड फोडावे. कुऱ्हाडीने भाजी चिरणाऱ्याने बोट कापले म्हणून कुऱ्हाडीला शिव्या देऊ नयेत. मात्र कोणतेही हत्यार वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात, तशी येथेही आहेत. दुसऱ्याचे छायाचित्र त्याला विचारल्यावाचून लोकांपुढे ठेवू नये. जे कोणाच्या तोंडावर बोलवणार नाही, ते पडद्याआडून लिहू नये. कोणी धमकावले, लज्जा वाटेल असे काही मागितले किंवा पाठविले, तर ते मनात दडवून न ठेवता विश्वासाच्या मोठ्या माणसाला ताबडतोब सांगावे. त्यात लाजण्याचे कारण त्रास देणाऱ्याला आहे, सांगणाऱ्याला नाही. आणि जो संदेश वाचताच राग किंवा भीती उसळून येते, तो पुढे धाडण्यापूर्वी हे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि दुसरीकडे कोठे छापून आले आहे काय, एवढे तरी पाहावे.

पूर्वी चावडीवरची रीत मोठी माणसे लहानांना शिकवीत. या नव्या चावडीवर मोठी माणसेही नवखीच आहेत. पुष्कळ घरी पहाटे उठून फुलांच्या चित्रांसह सुविचार धाडणारे, आणि त्याच उत्साहाने ऐकीव अफवाही पुढे ढकलणारे, आजोबाच असतात. अशा वेळी नातवाने नम्रपणे म्हणावे, “आजोबा, हे खरे आहे का, ते आधी पाहू या.” लहानांनी मोठ्यांना शिकविण्याचा असा प्रसंग क्वचितच येतो. राईनपाड्याच्या त्या दिवशी जमावातील एखाद्याने जरी एवढे एक वाक्य वेळेवर उच्चारले असते आणि इतरांनी ते ऐकले असते, तर पाच घरांतील कर्ते पुरुष संध्याकाळी आपापल्या पालावर परत गेले असते.